बाईने बांधलेली मशीद, बाईला बंद असलेले दार

दिल्लीत मथुरा रोडवर, पुराना किल्ल्याच्या समोर, एक पडझड झालेली मशीद आहे. नाव खैर-उल-मनाझिल. किल्ला आणि प्राणिसंग्रहालय बघायला आलेल्या गर्दीतले फार थोडे लोक रस्ता ओलांडून तिच्याकडे वळतात. ही मशीद हिजरी ९६९ मध्ये, म्हणजे इसवी सन १५६१-६२ मध्ये, माहम अनगा नावाच्या एका बाईने बांधली. ही दंतकथा नाही आणि कुणा इतिहासकाराचा अंदाजही नाही. नमाजगृहाच्या मधल्या कमानीवर फारसी शिलालेख आहे आणि त्यात तिचे नाव आहे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी असरच्या वेळेला एखादी मुलगी मशिदीच्या दारात उभी राहू द्या. आतून कुणीतरी सफेद दाढीवाले चाचा येतील आणि अगदी मायेने सांगतील, "बेटी, इधर लेडीज का इंतजाम नै है." का नाही, असे तिने विचारले तर उत्तर तयार आहे: हे पहिल्यापासून असेच आहे.

माझे भांडण या "पहिल्यापासून" शब्दाशी आहे. तो खोटा आहे आणि तो खोटा असल्याचा एक पुरावा साडेचारशेहून अधिक वर्षे दिल्लीच्या ऊनपावसात उभा आहे. म्हणून आधी ती इमारत नीट बघू या, मग चाचांशी बोलू.

इमारत काय सांगते

खैर-उल-मनाझिलचा दरवाजा पूर्वेला आहे. उंच कमानीचा, लाल दगडाने मढवलेला. तो ओलांडला की मोकळे अंगण लागते आणि अंगणात विहीर. समोर पश्चिमेला नमाजगृह. त्याला पाच कमानी आहेत, मधली सर्वांत मोठी, आणि घुमट फक्त मधल्या खणावर. नमाजगृह आत फारसे खोल नाही, एकाच खणाचे आहे. बांधकाम अनघड दगड आणि चुन्याचे. त्यावर गिलावा होता आणि दर्शनी भागावर चकाकी दिलेल्या रंगीत फरशांची नक्षी होती. गिलावा बऱ्याच ठिकाणी गळून पडला आहे, फरशांचे तुकडे मात्र अजून इथे तिथे चिकटून आहेत. तेवढ्यावरूनही ही भिंत एकेकाळी कशी झळकत असेल हे कळते.

ही रचना आकाशातून पडलेली नाही. पाच कमानी, एका खणाची खोली आणि मधल्या खणाला मान, ही पद्धत लोदी काळापासून दिल्लीत रुजलेली. मेहरौलीची जमाली-कमाली मशीद बघा, किंवा समोरच्या पुराना किल्ल्यातली शेरशहाची किला-ए-कुहना मशीद बघा. पाच कमानी तिथेही आहेत. १५६१ मध्ये अकबर फक्त १९ वर्षांचा होता. फतेहपूर सिक्री अजून बांधायची होती, ताजमहालला तर जवळपास ७० वर्षे अवकाश होता. मुघल वास्तुकला अजून स्वतःची भाषा शिकत होती आणि ती शिकत होती इथल्याच मातीतल्या गवंड्यांकडून. ज्यांना प्रत्येक जुन्या मशिदीत फक्त "परकीय" दिसतो त्यांनी या पाच कमानी एकदा मोजाव्यात.

आता अंगणाच्या उरलेल्या तीन बाजू. तिथे कमानींच्या ओळी आहेत, दोन मजल्यांच्या, आणि त्या कमानींमागे खोल्या. हा मदरसा होता. म्हणजे माहम अनगाने नुसती नमाजेची जागा बांधली नाही. तिने एकाच आवारात मशीद, शाळा आणि पाणी दिले. सुरुवातीच्या मुघल काळातल्या दिल्लीत अशी एकत्र वास्तू उभी करणे हे लहान काम नव्हते.

शिलालेखाबद्दल आणखी एक गोष्ट. "खैर-उल-मनाझिल" म्हणजे घरांमधले उत्तम घर. पण हे नुसते नाव नाही, ते सालही आहे. अरबी-फारसीत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते, त्या हिशेबाला अबजद म्हणतात. खे ६००, ये १०, रे २००, अलिफ १, लाम ३०, मीम ४०, नून ५०, अलिफ १, झे ७, लाम ३०. बेरीज करा. ९६९ येते. बांधकामाचे हिजरी साल मशिदीच्या नावातच गुंफलेले आहे. शिलालेखात बादशहा म्हणून अकबराचा उल्लेख आहे, बांधकामाला हातभार लावणारा म्हणून दिल्लीचा सुभेदार शिहाबुद्दीन अहमद खान आहे आणि बांधणारी म्हणून माहम आहे. बादशहा आणि सुभेदार दोघेही पुरुष, दोघेही सत्तेत. तरीही बांधणारीचे नाव लपवावे असे कुणाला वाटले नाही. "अमक्याची आई" किंवा "तमक्याची बीवी" असेही लिहून भागवले नाही. तिचे स्वतःचे नाव घातले, तेही मशिदीच्या कपाळावर, नमाजी रोज ज्या कमानीखालून आत जातात त्या कमानीवर.

ही बाई कोण होती

माहम अनगा अकबराची दाई. "अनगा" म्हणजे दूध पाजणारी, सांभाळणारी आई. अकबर तख्तावर आला तेव्हा १३ वर्षांचा होता आणि कारभार बैरम खानच्या हातात होता. १५६० मध्ये बैरम खान बाजूला झाला. त्यामागे माहमचा मोठा हात होता आणि त्यानंतर काही काळ दरबारात तिचा शब्द चालत होता. मशीद तिने याच काळात बांधली.

तिला संत करायची मला गरज नाही. तिचा मुलगा अधम खान माळव्याच्या मोहिमेवर गेला, तिथे बाजबहादूरच्या जनानखान्यातल्या दोन स्त्रिया त्याने लपवून ठेवल्या आणि ही गोष्ट अकबराला कळू नये म्हणून माहमने त्या दोघींना मारून टाकवले. हे खुद्द अकबरनाम्यात आहे. मे १५६२ मध्ये अधम खानने अतगा खानचा खून केला. अकबराने त्याला आग्र्याच्या किल्ल्यातल्या गच्चीवरून खाली फेकायला लावले. पहिल्यांदा तो मेला नाही म्हणून पुन्हा वर नेऊन फेकले. साधारण चाळीस दिवसांत माहमही गेली. मेहरौलीत मायलेक एकाच मकबऱ्यात आहेत.

हे सगळे मी मुद्दाम सांगते. कारण आपल्याकडे इतिहास दोनच प्रकारे वापरला जातो. एका बाजूला मुघल म्हणजे फक्त राक्षस. दुसऱ्या बाजूला आपल्या पोरांच्या स्टेटसवर मुघल म्हणजे फक्त शान: घोडा, तलवार आणि मागे गाणे. माहम अनगा दोन्हींत बसत नाही. ती सत्तेची भुकेली होती, पोटच्या पोराच्या मायेत आंधळी होती, तिने दोन निरपराध बायकांचे जीव घेतले. आणि तिने एक मशीद आणि एक मदरसा बांधला. माणसे अशीच असतात. मला तिच्या चारित्र्याचा दाखला नको आहे. मला तिच्या काळाचा दाखला हवा आहे. त्या काळात बाईच्या नावाची मशीद कुणाला खटकली नाही, एवढाच माझा मुद्दा आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

खटकली नाही याचा आणखी एक पुरावा घ्या. १५६४ च्या जानेवारीत अकबर हजरत निझामुद्दीन औलियांच्या दर्ग्याहून परत येत होता. वाटेत फौलाद नावाच्या गुलामाने त्याच्यावर बाण सोडला. बाण खांद्याला लागला, अकबर वाचला. हल्ला कुठे झाला? दरबारी इतिहासकार लिहितो: माहम अनगाच्या मदरशाजवळ. ती मरून दीड वर्ष होऊन गेले होते, तिचा मुलगा गुन्हेगार म्हणून मेला होता, तरी दिल्लीत त्या जागेची खूण तिच्या नावानेच सांगितली जात होती. जसे आपण पुण्यात कुणाला पत्ता सांगताना एखाद्या शाळेचे नाव घेतो तसे.

ती एकटी नव्हती

"एखादी बादशहाची दाई अपवाद असते," असे कुणी म्हणेल. मग ही यादी वाचा. लाहोरची बेगम शाही मशीद जहांगीरच्या आईच्या, मरियम जमानीच्या नावाची, १६१४ मध्ये पूर्ण झालेली. आग्र्याची जामा मशीद शहाजहानच्या मुलीने, जहांआराने बांधवली, १६४८ मध्ये. चांदणी चौकाच्या टोकाची फतेहपुरी मशीद शहाजहानच्या बेगमेने, १६५० मध्ये. दर्यागंजची झीनत-उल-मसाजिद औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिची. मराठी माणसाला ही झीनतुन्निसा परकी नाही. रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाळ शाहू मुघलांच्या छावणीत कैदेत होते, तेव्हा त्यांना मायेने वागवणारी शहजादी हीच. आणि भोपाळची ताज-उल-मसाजिद सुरू केली शाहजहान बेगमने, जी स्वतः राज्य करत होती. तिने तर नमाजगृहात बायकांसाठी जाळीचा सज्जाच ठेवला.

दीडशे वर्षांपूर्वी एका बाईला आराखड्यात जे सुचले ते आज आपल्या ट्रस्टींना लिफ्ट आणि एसीच्या जमान्यात सुचत नाही.

मी खैर-उल-मनाझिलमध्ये गेले तेव्हा मला कुणी अडवले नाही. डोक्यावर ओढणी घेतली, आत गेले, मधल्या कमानीखाली उभी राहिले, वर बघत बसले. अडवणार कोण? दारावर पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, जमातीची नाही. म्हणजे हिशेब असा झाला: मशीद मोडकळीला आली, सरकारी खात्याकडे गेली, की मला आत जागा आहे. मशीद धडधाकट असेल, रोज पाच वेळा अजान होत असेल, तर मला बाहेर जागा आहे. यापेक्षा लाजिरवाणा हिशेब मला माहीत नाही.

"पहिल्यापासून" हा शब्द आला कुठून

दीनच्या नावाने जे सांगितले जाते त्याचाही हिशेब करू. मशिद-ए-नबवीत बायका पहिल्या दिवसापासून येत होत्या. बायकांना मशिदीत जाण्यापासून रोखू नका ही प्रेषितांची (स.) ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. हजरत उमर यांना आपल्या बीवीचे मशिदीत जाणे पसंत नव्हते, तरी ती जात राहिली आणि त्यांनी रोखले नाही, कारण ही ताकीद त्यांना माहीत होती.

समोरची बाजूही मी लपवत नाही. बाईची घरातली नमाज अफजल आहे असे सांगणारी हदीस आहे. हजरत आयशांचे नाराजीचे बोल आहेत. जुम्मा बाईवर फर्ज नाही यावर उलेमांचे एकमत आहे. मान्य. पण "फर्ज नाही" आणि "मनाई आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चौथीच्या पोरालाही कळते. आपल्यावर रोज बिर्याणी खाणेही फर्ज नाही.

घाटावर आपण बहुतेक हनफी, कोकणात बहुतेक शाफई. हनफी ग्रंथांत पाहा काय आहे. इमाम अबू हनिफांनी म्हाताऱ्या बायकांना फजर, मगरिब आणि इशासाठी परवानगी दिली. त्यांच्या दोन मोठ्या शागिर्दांनी म्हाताऱ्या बायकांना सगळ्या नमाजांसाठी दिली. तरुण बायकांसाठी नापसंती दाखवली ती फितन्याच्या भीतीने. पुढच्या काळातल्या फकिहांनी "जमाना बिघडला" म्हणून सगळ्यांनाच दार बंद केले. म्हणजे ही मनाई "पहिल्यापासून" नाही. ती पायरीपायरीने आली आणि प्रत्येक पायरीला कारण एकच दिले गेले: जमाना. जी गोष्ट जमाना बघून बंद झाली ती जमाना बघून उघडताही येते. आज त्याच तरुण मुली एसटीने कॉलेजला जातात, एमपीएससीच्या क्लासला पुण्यात राहतात, दवाखान्यात रात्रपाळी करतात, बाजारात, लग्नात, उरुसात जातात. फितना बाजारात नाही, बसस्टँडवर नाही, फक्त अल्लाहच्या घरातच वाट बघत बसला आहे, यावर विश्वास ठेवायला मोठे धैर्य लागते.

मक्का आणि मदिनेत लाखो बायका नमाज पढतात. हजवरून, उमऱ्यावरून आपल्या अम्मी येतात तेव्हा रडत रडत सांगतात की हरममध्ये कशी जागा मिळाली, किती जवळून काबा दिसला. मग गावात उतरल्यावर मोहल्ल्यातल्या मशिदीसमोरून मान खाली घालून जातात. जे काबागृहात जायज तेच गल्लीत नाजायज कसे होते, हे मला कोणत्याही मौलानांनी अजून समजावून दिलेले नाही.

न्यायालयात एक, गल्लीत एक

२०१९ मध्ये पुण्यातल्या एका मुस्लिम जोडप्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की बायकांना मशिदीत नमाज पढू द्यावी. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये उत्तर दिले: बायकांना मशिदीत येऊन नमाज पढण्याची मुभा आहे, ती घ्यायची की नाही हे तिने ठरवावे. २०२३ मध्ये बोर्डाने पुन्हा तेच सांगितले आणि नव्या मशिदी बांधताना बायकांच्या जागेचा विचार करावा असे समाजाला आवाहनही केले. छान. मग हे आवाहन आपल्या गावात कुणी वाचून दाखवले? तलाकच्या कायद्यावर जुम्म्याला तकरीर होते. बोर्डाचे हे म्हणणे मिंबरवरून ऐकल्याचे किती जण सांगतील? आपल्या भावांना, अब्बांना विचारून बघा.

हाजी अलीचा प्रसंग मुंबईकरांना आठवत असेल. मजारीजवळ बायका जात होत्या, २०११-१२ च्या सुमारास त्यांना बंदी झाली आणि लगेच "हे शरीयतच्या विरुद्ध आहे" असे सांगणे सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ ला बंदी उठवली. त्याच वर्षाच्या अखेरीस बायका आत गेल्या. दर्गा समुद्रात बुडाला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीच्या दारावर एकट्यादुकट्या मुलींना प्रवेशबंदीची पाटी लागली. ओरड झाल्यावर त्याच दिवशी काढावी लागली. एका दिवसात लागते आणि एका दिवसात निघते ती पाटी दीनची नसते, कमिटीची असते.

चार बहाणे

पहिला बहाणा: जागा नाही. आमच्या गावात मशिदीचा नवा मजला चढला तेव्हा घराघरांतून चंदा गोळा झाला. बायकांनी भिशीचे पैसे दिले, माझ्या अम्मीने कानातले दिले. पावत्या फाटल्या त्या घरातल्या पुरुषांच्या नावाने. खाली रस्त्याच्या बाजूला भाड्याचे गाळे निघाले. वर मजला वाढला. बायकांसाठी एक खोलीही नाही. मोबाइलच्या दुकानाला जागा आहे, ज्यांनी कानातले दिले त्यांना नाही. माहम अनगाने पैसा दिला तर तिचे नाव कमानीवर गेले. आपल्या अम्मींचे नाव पावतीवरही जात नाही.

दुसरा बहाणा: मर्द-औरत एकत्र येतील. कोण म्हणते एकत्र या? खैर-उल-मनाझिलचे अंगण पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तीन बाजूंना दोन मजली कमानी, मध्ये अंगण. भोपाळला जाळीचा सज्जा. केरळमध्ये कितीतरी मशिदींत वेगळे दार, वेगळा जिना. महाराष्ट्रातही काही जमातींच्या मशिदींत बायकांची सोय आहे आणि तिथे कयामत आलेली नाही. हा प्रश्न अकिद्याचा नाही, आराखड्याचा आहे. कोणताही इंजिनिअर अर्ध्या दिवसात सोडवून देईल.

तिसरा बहाणा: मशिदीचे काय घेऊन बसलात, आधी मुलींना शिकवा. शिकवू. पण माहम अनगाने मशीद आणि मदरसा एकाच आवारात बांधला, कारण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. जुम्म्यानंतर मशिदीत काय काय होते ते बघा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना तिथे मिळते. कुणाच्या घरी तंटा आहे, कुणाची मेहेर बाकी आहे, लग्नात किती खर्च करायचा, डीजे लावायचा की नाही, हे तिथे ठरते. जमातीच्या बैठका तिथेच होतात. ज्या खोलीत बाईच्या आयुष्याचे निर्णय होतात त्या खोलीत बाई नाही. मशिदीचे दार बंद म्हणजे नुसते नमाजेचे दार बंद नसते. समाजाच्या कारभाराचे दार बंद असते.

चौथा बहाणा सगळ्यात मोठा आहे: ही वेळ नाही. बाहेर काय चालले आहे बघत नाहीस का? बघते. बाबरच्या काळातल्या मशिदींपैकी एक ६ डिसेंबर १९९२ ला पाडली गेली. दुसरी, संभलची, तिच्या सर्वेक्षणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये माणसे मेली. बारावीच्या पुस्तकातून एनसीईआरटीने २०२३ मध्ये मुघल दरबारावरचे प्रकरण काढून टाकले. मशिदी वाचवायच्या आहेत, खरे आहे. पण वाचवणार कोण? २०१९-२० च्या थंडीत शाहीनबागला रस्त्यावर बसल्या त्या आजीबाई, अम्मी आणि मुली. मुंबईत, पुण्यात, मालेगावात घराबाहेर पडल्या त्याही बायका. संकट आले की बायका पुढे, नमाजेची वेळ झाली की बायका घरी. ज्या इमारतीत मी कधी सजदा केला नाही, जिचे आतले छत मला माहीत नाही, तिच्यासाठी मी जीव तोडून लढावे असे तुम्हाला वाटते. लढेनही. पण अर्ध्या समाजाला आत घेतलेली मशीद जास्त मजबूत असते, हे सांगायला वकील लागत नाही.

आणि कुणी म्हणेल, या गोष्टी आपसात बोलाव्यात, बाहेर बोलल्या की दुश्मनांना आयते मिळते. ज्यांना आपला द्वेष करायचा आहे ते माझ्या लेखाची वाट बघत थांबलेले नाहीत. ज्यांच्या हातात बुलडोझर आहे त्यांनी मुस्लिम बाईच्या हक्काचे नाव घेऊ नये, हे मी त्यांनाही तेवढ्याच जोराने सांगते. पण त्यांच्या ढोंगामुळे आपले बंद दार आपोआप उघडे ठरत नाही.

मग करायचे काय

माझ्या वयाच्या मुलामुलींनो, हे काम आपले आहे. चाचांना शिव्या देऊन होणार नाही. त्यातले बरेच जण चांगले आहेत, फक्त त्यांना कुणी विचारलेले नाही.

भावांनो, सुरुवात तुमच्याकडून. तुम्ही आत जाऊ शकता, म्हणून आत बोलणे तुमच्यावर फर्ज आहे. पुढच्या जुम्म्यानंतर ट्रस्टींना भेटा. वीस सह्यांचा अर्ज द्या. त्यात फार काही मागू नका: एक खोली किंवा पडद्यामागची एक बाजू, वेगळे दार, वजूसाठी नळ, एक संडास आणि खुतबा ऐकू येईल असा एक स्पीकर. प्रवासात असलेली बाई, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली बाई, कॉलेजच्या जिन्याखाली नमाज पढणारी मुलगी, हिला दहा मिनिटे टेकायला जागा मिळेल एवढेच.

तुमच्या गावात नवी मशीद बांधायचे किंवा जुनी वाढवायचे चालले असेल तर नकाशा मंजूर व्हायच्या आधी बोला. स्लॅब पडल्यावर प्रत्येक जण "आता उशीर झाला" म्हणतो. चंदा देताना पावती अम्मीच्या, बहिणीच्या, बायकोच्या नावाने फाडून घ्या, ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावाने. जमातीच्या वार्षिक बैठकीत बायकांना बसण्याचा ठराव मांडा. नामंजूर झाला तरी वहीत नोंद होईल.

बहिणींनो, एकट्या जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा. अम्मीला, खालाला, शेजारच्या आपाला बरोबर घ्या. शांतपणे विचारा. "इंतजाम नै है" म्हणाले तर विचारा, कधी होईल? तारीख विचारा. इंतजाम नसणे ही दीनची अट नाही, ते राहून गेलेले काम आहे.

आणि दिल्लीला गेलात तर किल्ला बघून झाल्यावर रस्ता ओलांडा. खैर-उल-मनाझिलच्या मधल्या कमानीखाली उभे राहा आणि वर बघा. फोटो काढा, स्टेटसला जरूर लावा. पण त्याखाली "हमारी शान" लिहू नका. मशीद कुणी बांधली ते लिहा आणि आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बायकांना जागा आहे की नाही तेही लिहा.

आम्हाला कमानीवर नाव कोरून नको आहे. दार उघडा आणि वजूला एक नळ द्या.